भवन रिक्त पाया गया

माझं अक्षर चांगलं आहे, हे मला कुणी सांगावं लागत नाही. एकतीस वर्षं सरकारी कागदावर लिहिलं, त्यात खाडाखोड म्हणाल तर बोटावर मोजण्याइतकी. उज्जैनमध्ये एका मराठी बाईने हिंदीत फायली लिहायच्या आणि वर हिंदीवाल्यांच्या चुका काढायच्या, याचा एक वेगळाच आनंद असतो. तो मी भरपूर घेतला. भाऊ म्हणतो, तुला लग्नापेक्षा फाइल प्रिय होती. तो पुण्यात असतो, तिथून काहीही म्हणायला त्याचं काय जातं?

आमच्या शाखेचं काम सांगायला सोपं होतं. शहर वाढतं, आजूबाजूची खेडी त्याच्या हद्दीत येतात, मग ग्रामपंचायतीची जमीन, विहीर, मैदान, सामुदायिक भवन असं सगळं शहराच्या निगमकडे, म्हणजे महापालिकेकडे सोपवायचं. लोकांना वाटतं, यात काय आहे, एक सही इकडची आणि एक तिकडची. पण सरकारी जागा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना जेवढी कटकट होते, तेवढी भावाभावांच्या वाटणीतही होत नसेल. घेणारा म्हणतो, आधी मोकळी करून द्या. देणारा म्हणतो, आहे तशी घ्या. या दोघांच्या मधे मी असायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

जागेचा कब्जा देताना जो पंचनामा होतो, त्यात एक रकाना असतो. वर्तमान उपयोग. नोकरीत लागले तेव्हाच आमच्या बड़े बाबूंनी शिकवलं होतं की इथे एकच शब्द लिहायचा, 'रिक्त'. दुसरं काहीही लिहिलं की वरून विचारणा सुरू होते. कोण वापरतं, कुणाच्या परवानगीने, कधीपासून? मग फाइल परत येते आणि सहा महिने टेबलाटेबलांवर फिरते. म्हणून आम्ही जागेवर गेलो की तिथे जो कोण असेल त्याला म्हणायचो, भैया, दस मिनट बाहर आ जाओ. ओसरीत शिलाई मशीन घेऊन बसलेला शिंपी बाहेर यायचा. पापड वाळत घालणाऱ्या बायका बाजूला व्हायच्या. आम्ही लिहायचो, 'भवन रिक्त पाया गया', सह्या घ्यायचो आणि निघायचो. आमची जीप वळेपर्यंत ती माणसं परत आत गेलेली असायची. पुढे ती तिथे किती दिवस राहिली, हे बघायला मी कधी गेले नाही. माझी फाइल मात्र एकदाही परत आली नाही.

माधव नगरात भाड्याच्या घरात आई आणि मी पुष्कळ वर्षं राहिलो. मी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी आई गेली. घरमालकाला घर पाडून नवं बांधायचं होतं. मी शहराबाहेर, एका पंचायतीच्या हद्दीतल्या नव्या कॉलनीत दोन खोल्यांचं घर घेतलं. हवा चांगली आहे, शांतता आहे, असं सगळ्यांना सांगत सुटले. शांतता होतीच. टावर चौकातला ऑटोवाला त्या बाजूचं नाव काढलं की मान दुसरीकडे वळवायचा. शेजारची काही घरं बंद, काही अर्धवट बांधून सोडलेली. एका सकाळी दूधवाल्याला "आधा लीटर" म्हणायला गेले तर आवाजच फुटेना. घसा बसला असेल म्हणून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लागले. मग लक्षात आलं की परवापासून मी कुणाशी बोललेच नव्हते. एकटेपणाचं मला काही वाटत नाही, असं मी जन्मभर छाती पुढे काढून सांगत आले होते. त्या दिवशी गुळण्या करता करता मला रडू आलं.

पंचायतीचं सामुदायिक भवन माझ्या घरापासून पाच मिनिटांवर होतं. भवन म्हणजे काय, एक लांबट खोली, पुढे ओसरी आणि निळा पत्र्याचा दरवाजा. दरवाजाला कडी नव्हती, त्यामुळे आत शेळ्या बसायच्या. माझं डोकं फिरलं. मी सरपंचाच्या घरी जाऊन तावातावाने बोलले की सरकारी मालमत्ता अशी ठेवतात का. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मैडम, आप पढ़ी-लिखी हैं, आप ही सँभाल लो." दुसऱ्याच दिवशी कडीकुलूप बसवून त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. रागाचा मला आयुष्यात झालेला हा एकुलता एक फायदा.

दुपारी चारला मी भवन उघडायला लागले. झाडलं, पुसलं, खिडक्या उघडल्या. तिथे बसून पेपर वाचायचा असा बेत होता. तिसऱ्या दिवशी गावातली एक म्हातारी ओसरीत येऊन उभी राहिली. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, अंगाने सडपातळ, डोक्यावर पदर. तिने आत डोकावून पाहिलं आणि काही न विचारता भिंतीपाशी जमिनीवर येऊन बसली. मी म्हटलं, "जीजी, कुछ काम था?" मोठ्या बाईला इकडे जीजी म्हणतात. ती म्हणाली, "काम कई? म्हने इनी भवन की रेती ढोई हे." भवन बांधताना तिने डोक्यावरून रेती वाहिली होती. 

ती बसली होती तिथे फरशीवर कुणीतरी खिळ्याने अष्टा-चंग्याचा पट कोरला होता, पाच घरं आडवी आणि पाच उभी. तो डाग समजून मी दोन दिवस नारळाच्या काथ्याने घासत होते. तिने पदराची गाठ सोडली, चार फोडलेले चिंचोके काढले आणि माझ्याकडे पाहिलं. लहानपणी हा खेळ मीही खेळले होते. चिंचोके टाकायचे, किती पांढरे आणि किती काळे पडले ते बघायचं आणि आपले खडे तेवढी घरं पुढे न्यायचे. मधे दुसऱ्याचा खडा सापडला तर मारायचा. मी पेपरची घडी घातली आणि ओसरीखालून चार खडे वेचून आणले.

तीन वर्षं आम्ही तो खेळ खेळलो. पहिले सहा महिने मी एकदाही जिंकले नाही, कारण ती धडधडीत लबाडी करायची. चिंचोका काठावर उभा राहिला की हळूच फुंकर घालून हवा तसा पाडायची आणि वर देवाची शपथ घ्यायची. मी भांडायचे, अगदी ऑफिसात भांडायचे त्या सुरात. तीही काही ऐकून घ्यायची नाही. तिचा आवाज असा होता की रस्त्याने जाणारा माणूस थांबून आत बघायचा. एकदा मी खडे उधळून घरी निघून आले. दुसऱ्या दिवशी चार वाजायच्या आतच किल्ली घेऊन जवळजवळ धावत गेले, तर ती ओसरीत बसलेलीच होती. दोघींपैकी कुणी आदल्या दिवसाचा विषय काढला नाही.

आम्ही एकमेकींना फारसं काही विचारलं नाही. तिच्या घरात मुलगा, सून, नातवंडं आहेत, दुपारी टीव्ही आणि शिकवणी चालू असते, तिला पाय पसरायला जागा नसते, एवढं मला माहीत होतं. मी एकटी राहते एवढं तिला माहीत होतं. मला ती "बई" म्हणायची. कुणीतरी आपली वाट बघतंय, हे आईनंतर मला पहिल्यांदा मिळालं होतं. त्या दोन तासांच्या जोरावर मी दिवसाचे उरलेले तास काढायचे.

मग शहराची हद्द वाढली आणि आमची पंचायत तिच्यात आली. पंचायतीचा सचिव एक दिवस कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्या दारात उभा राहिला. माणूस सरळ, पण कागद पाहिला की घाम फुटणारा. म्हणाला, "मैडम, हस्तांतरण की फाइल बनानी है. मुझसे तो नहीं होगी." निवृत्तीनंतर माझ्याकडे कामासाठी आलेला तो पहिला माणूस. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि कंबर कसली. तीन दिवस मला जेवणाची शुद्ध नव्हती. गुरं चरायला राखलेली जमीन, विहीर, शाळेमागचं मैदान, सामुदायिक भवन. एकेकाचे नंबर जुळवले, चारी बाजूंच्या सीमा लिहिल्या, नकाशे डकवले, अनुक्रमणिका लावली. चारला भवनात जायचे, पण खेळात लक्ष नसायचं. जीजी म्हणायची, "तमारो मन कां हे, बई?" मी म्हणायचे, "काम आया है जीजी, ऑफिस का." हे म्हणताना मला किती बरं वाटायचं, ते आठवलं की आता माझीच मला लाज वाटते.

पंचनाम्याचा मसुदा सचिवाने स्वतः लिहून आणला होता. सामुदायिक भवन, वर्तमान उपयोग: 'दो महिलाएँ रोज बैठती हैं, अष्टा-चंगा खेलती हैं.' मी ते वाचून पोट धरून हसले. म्हटलं, "भैया, ऐसा लिखते हैं क्या? इस पर तो आपत्ति आएगी." आपत्ति म्हणजे इकडे हरकत. तो गोंधळून म्हणाला, "पर मैडम, बैठती तो हैं." मी त्याच्या हातातलं पेन घेतलं, पट्टी लावून ती ओळ खोडली आणि वर सुरेख अक्षरात लिहिलं, 'भवन रिक्त पाया गया'. हात क्षणभरसुद्धा थांबला नाही. त्या दोन बायकांमधली एक मी आहे, हे मला सुचलं नाही असं मी म्हणू शकत नाही. सुचलं होतं, त्याचंच तर हसू आलं होतं. पण फाइल हातात आली की मी मी राहत नसे. मला तेव्हा एकच भीती होती, की माझी फाइल परत येईल.

कब्ज्याच्या दिवशी निगमची एक तरुण उपयंत्री, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, आली. फार नम्र मुलगी. जीजी नेहमीसारखी आत खडे मांडून बसली होती. मी दारातून म्हटलं, "जीजी, दस मिनट बाहर आ जाओ." तिने चिंचोके पदराला बांधले, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली. उपयंत्रीने रिकाम्या खोलीचे चार बाजूंनी फोटो काढले. आता गावातल्या दोन पंचांच्या सह्या हव्या होत्या. एक मी केली. दुसऱ्यासाठी सचिव कुणाला तरी बोलवायला निघाला, तर मीच म्हटलं, कशाला लांब जाता, जीजी आहे की. मीच तिचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर उमटवला. कसला कागद आहे, हे तिने विचारलंही नाही. मी सांगत होते म्हणजे ठीकच असणार, असं तिला वाटलं असेल.

उपयंत्री फाइल चाळत म्हणाली, "मैडम, ऐसी फाइल तो हमारे यहाँ भी कोई नहीं बनाता." मग तिने किल्ली मागितली. मी किल्ली दिली, आणि दिल्याची पावतीही लिहून घेतली. संध्याकाळी भावाला फोन करून मी तिचं ते वाक्य दोनदा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी दारावर नवं कुलूप होतं. मी जीजीला म्हटलं, आठ-दहा दिवसांत उघडतील, तोवर ओसरीत बसू. ओसरीत मी खडूने पट काढला. तिला तो पसंत नव्हता, रेघा वाकड्या म्हणाली. पंधरवड्याने ट्रक आला. सिंहस्थाची तयारी सगळ्या शहरात चालू आहे आणि सामान ठेवायला जागा पुरत नाही. गर्दी अडवायचे लोखंडी कठडे भवनात छतापर्यंत रचले गेले आणि उरलेले ओसरीत. जीजी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघत होती. ट्रक गेल्यावर मला म्हणाली, "तम तो कागद वाली हो, बई. खुलवई दो."

मला वाटलं, खुलवेन की. त्यात काय एवढं? मी निगमच्या ऑफिसात गेले. ओळखीचं आता तिथे कुणी उरलं नव्हतं. बाबूने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, फाइल काढून समोर ठेवली. तो उर्मटपणे वागला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने समजावून सांगितलं की भवन वापरात असतं तर तो वापर चालू ठेवावा लागला असता. रिक्त आहे म्हणून गोदामासाठी दिलं. "आपत्ति आप लगा सकती हैं. पर मैडम, पंच तो आप ही हैं." मी फाइल पानापानाने बघितली. एखादी तारीख चुकली असेल, एखादा शिक्का राहिला असेल. दुसऱ्यांच्या फायलींत अशा फटी मी चहा गार व्हायच्या आत शोधून काढत असे. इथे काही सापडलं नाही. मी ती फाइल फार चांगली केली होती.

परत येताना ऑटोत मला तो शिंपी आठवला, पापडवाल्या बायका आठवल्या. आणखी कोण कोण होते, ते आठवून बघितलं. चेहरा एकाचाही आठवेना.

जीजीला मी खरं सांगितलं नाही. म्हटलं, अर्ज दिलाय, बघू. ती रस्त्यात भेटली की विचारायची आणि मी म्हणायचे, बघू. माझ्यावरचा तिचा भरवसा मला सोसवत नव्हता. शेवटी मी किराणा दुकानाचा रस्ता बदलला. चार वाजले की काय करायचं ते मला कळायचं नाही. मी घरातल्या घरात किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभी राहायचे आणि मग परत खुंटीला अडकवायचे.

एक दिवस धीर करून तिला म्हटलं, माझ्या घरी या, तिथे खेळू. ती आली. चपला फाटकाबाहेर काढल्या आणि सोफ्याच्या अगदी कडेवर बसली. मी फरशीवर खडूने पट काढायला लागले तर म्हणाली, "फरस खराब होयगो, बई." मी चहा दिला, शेव दिली. भवनात माझ्या अंगावर ओरडणारी बाई इथे "बस, बस, रेवा दो", राहू द्या, एवढंच म्हणत राहिली. दोन डाव झाले आणि दोन्ही मी जिंकले. तिने एकदाही फुंकर घातली नाही. अर्ध्या तासात ती उठली. मी विचारलं, "कल चार बजे?" ती म्हणाली, "रोज-रोज कोई का घरे थोड़ी बेठे हे."

तेव्हा मला कळलं. भवनात आम्हा दोघींपैकी कुणीच पाहुणी नव्हती. तिथे बसायला कुणाला विचारावं लागत नव्हतं आणि उठताना कुणाचा निरोप घ्यावा लागत नव्हता. सार्वजनिक जागांचा मी जन्मभर ताबा देत-घेत आले, पण अशी जागा असते कशासाठी, हे मला त्या दिवशी स्वतःच्या घरात समजलं. ती परत आली नाही. मी बोलवलंही नाही.

महिनाभर असाच गेला. आवाज पुन्हा बसायला लागला. एका दुपारी मनाशी म्हटलं, आता सांगून टाकायचं, आणि तिच्या घरी गेले. सुनेने प्लास्टिकची खुर्ची पुढे केली, पंखा लावला, टीव्हीचा आवाज कमी केला आणि दारात उभी राहिली. जीजी कोपऱ्यात जमिनीवर बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. "कई हुयो अरजी को, बई?"

मी सांगितलं की भवन मिळणार नाही. तिने विचारलं, का? मी म्हटलं, कागदावर लिहिलं आहे की भवन खाली होतं, तिथे कुणी येत नव्हतं.

"झूट," ती म्हणाली. "अपण तो रोज जाता था. किने लिख्यो?"

मी म्हटलं, "मैंने." आणि लगेच पुढचंही बोलून टाकलं, नाहीतर ते कधीच बोलता आलं नसतं. "आपका अंगूठा भी उसी पर लिया था."

 मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होते. एका चिंचोक्यावरून तिने भवन डोक्यावर घेतलेलं मी पाहिलं होतं, आणि मला ते ओरडणं हवं होतं. ती ओरडली असती तर मीही ओरडले असते, आणि कदाचित आम्ही परत होतो तशा झालो असतो. पण तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"म्हारे तो पढ़नो नी आवे," ती म्हणाली. "तमारे तो आवे हे."

मग तिने सुनेकडे मान वळवली आणि म्हणाली, "मैडम के वास्ते चाय बणा."

चहा येईपर्यंत मी त्या खुर्चीवर बसून राहिले.